सामाईक विहिरी-बोअरचं पाणी : आधी वही, मग पुनर्भरणाचा खड्डा

खडकवेडी

सामाईक पाण्याचा विषय निघाला की चर्चा थेट पुनर्भरणाच्या खड्ड्यावर जाते. खड्डा दिसतो, त्याचा फोटो निघतो. पातळीची वही कुणाला दिसत नाही. पण वहीशिवाय खड्ड्याचा उपयोग झाला की नाही हे सांगताच येत नाही. म्हणून हा धागा मोजणीपासून सुरू करते. विहिरीच्या तोंडाची काळजी, पाणीतपासणी, उपशाचे नियम यांवर जाणकारांनी भर घालावी.

मोजणीचा बिंदू कायमचा ठरवा. केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात घातलेल्या पाइपाच्या) कडेवर किंवा विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने बाण काढा आणि तो जमिनीपासून किती उंच आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माणूस बदलला की बिंदू बदलतो, आणि मग ४० सेंमी पाणी ‘वाढतं’.

वेळ पहाटेची, पंप सुरू होण्याआधीची. आदल्या उपशानंतर किमान ८ ते १२ तास गेलेले हवेत. शेजारचा पंप चालू असेल तर तसं लिहा. महिन्यातून एकदा मोजा. अगदीच जमत नसेल तर वर्षातून चार वेळा, त्यांतल्या दोन मोजण्या पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर.

साधन साधं आहे. दोन तारांची केबल, खालच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना न लागता उघड्या, वजनाला पितळेचा तुकडा, वर ९ व्होल्टची बॅटरी आणि बझर. तारा पाण्याला टेकल्या की बझर वाजतो. केबलवर दर मीटरला खूण करा आणि वर्षातून एकदा ती स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा, कारण केबल ताणते. उथळ विहिरीत खडू फासलेली स्टीलची पट्टी त्याहून अचूक. पट्टीवर खडू जिथवर ओला झाला ते वाचायचं.

थेंबभर

बझर वेगवेगळ्या खोलीवर वाजतो. तीन वेळा सोडली तर तीन आकडे. तार खराब की हात?

जुनाओढा

बहुतेक दोन्ही नाही. वरच्या कपारीतून पाणी बोअरमध्ये गळत असतं. ते तारेवर पडलं की बझर आधीच वाजतो. खूण अशी की आवाज तुटक येतो आणि तार आणखी खाली सोडली की बंद पडतो. खरी पातळी लागली की तार खाली जाईल तसा आवाज सलग राहतो.

उपाय : पंपाच्या पाइपाला बांधून २० किंवा २५ मि.मी.चा पीव्हीसी पाइप सोडायचा, खालच्या टोकाला भोकं पाडायची आणि मोजणी फक्त त्यातूनच करायची. गळतीचं पाणी लागत नाही आणि तार पंपाच्या केबलमध्ये अडकत नाही. पंप उतरवतानाच हा पाइप टाकला तर काम तासाभराचं. नंतर टाकायचा म्हणजे सगळा पंप वर काढा.

आडवीकपार

पातळीसोबत उपसाही लिहा, नाहीतर नुसत्या आलेखावरून भांडणं होतात. मीटर नसेल तर २०० लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते बघा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. त्याला पंपाच्या तासांनी गुणा. पण हे पिंप उन्हाळ्यात पुन्हा भरून बघा. पातळी खाली गेली की तोच पंप कमी पाणी उचलतो. पावसाळ्यानंतरचा आकडा वर्षभर वापरला तर उपसा फुगवून लिहिला जातो.

उघड्या विहिरीला तर पिंपही नको. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर. पंप बंद केल्यावर पहिल्या तासात पाणी ३० सेंमी चढलं तर त्या पातळीला तासाला ८,५०० लिटरच्या आसपास आवक आहे. विहीर भरत आली की आवक मंदावते, म्हणून पहिल्या तासाचा आकडा दिवसाच्या २४ तासांनी गुणू नका. हा गुणाकार कागदावर फार सुंदर दिसतो.

थेंबभर

पाणी नेमकं कुठून येतं हे कळायला काय करावं? पाणाडी, नारळ वगैरे सोडून :)

खडकवेडी

तीन विहिरी पुरतात, फक्त त्या एका रेषेत नकोत. पारदर्शक नळीत पाणी भरून (बुडबुडा राहता कामा नये) तिन्ही मोजणीबिंदूंची एकमेकांच्या तुलनेत उंची काढा. उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याची उंची मिळते. समजा क मध्ये ५२ मी., ख मध्ये ५० मी., ग मध्ये ४९ मी. क ते ग अंतर ३०० मी. असेल तर उतार १०० मीटरला १ मीटर. म्हणजे क पासून २०० मीटरवर पाण्याची उंची ५० असणार. तो बिंदू ख ला जोडा. ही समान पातळीची रेषा. तिला काटकोनात, कमी उंचीच्या बाजूकडे जाणारी दिशा म्हणजे पाण्याच्या वाहण्याची दिशा.

तिन्ही मोजण्या एकाच सकाळी करा. भेगाळलेल्या खडकात ही दिशा ढोबळच असते, कारण पाणी भेगेच्या मनाने जातं. तरी शौचखड्डे, उकिरडे, खतांची गोदामं विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत का, हे एवढ्यावरूनही कळतं. आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा. जोरात उपसा असेल तर दिशा फिरलेली सापडते.

सिमेंटगोणी

इतका वेळ पाण्यावर चर्चा चालली आहे, बोअरच्या तोंडावर कुणी बोलेना. दूषित पाणी बहुतेक वेळा लांबून येत नाही, केसिंगच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतं. कठीण खडकातल्या बोअरमध्ये मुरूम संपेपर्यंत केसिंग घालतात आणि बाहेरची फट मातीने बुजवतात किंवा तशीच सोडतात. पहिल्या मोठ्या पावसात अंगणातलं पाणी त्या फटीतून थेट कपारीत.

फट भरायला हवी, निदान वरचे ६ मीटर. २५० मि.मी.चं भोक आणि १८० मि.मी. बाहेरचा व्यास असलेलं केसिंग धरलं तर चहूबाजूंनी ३५ मि.मी. जागा उरते (५० मिळाली तर उत्तम) आणि मीटरमागे साधारण २४ लिटर राळ (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) लागते. ६ मीटरला १४२ लिटर. ५० किलोच्या एका गोणीत २५ लिटर पाणी घातलं की ४१ लिटर राळ होते. हिशोबाने साडेतीन गोण्या, पण भेगांमध्ये जाणारी धरून पाच आणा. बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) घालायचं तर सिमेंटच्या वजनाच्या २ ते ५ टक्के, आधी पाण्यात भिजवून. त्याने राळ कमी आकसते.

राळ वरून ओतायची नाही. बारीक पाइप तळापर्यंत सोडून खालून वर भरत यायचं. वरून ओतली तर मध्ये हवा अडकते आणि वरचा मीटरभर भरलेला पाहून सगळे खूश होतात. पीव्हीसी केसिंग असेल तर आत पाणी भरून ठेवा आणि राळ दोन टप्प्यांत घाला. सिमेंट घट्ट होताना तापतं, त्यात केसिंग मऊ पडून आत दबतं.

वर केसिंग जमिनीपासून किमान ३० सेंमी, आणि पुराचं पाणी येत असेल तर पुराच्या खुणेच्याही वर. भोवती मीटरभर रुंद, १० ते १५ सेंमी जाड काँक्रीटचा ओटा, बाहेर उतार, सांडपाण्याला नाली. ओटा आणि केसिंग यांच्या सांध्यात वर्षभरात बारीक चीर पडतेच. ती पावसाळ्याआधी भरणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं.

थेंबभर

शौचखड्डा किती लांब हवा? कुणी १५ मीटर म्हणतं, कुणी ३०.

आडवीकपार

३० मीटर हा आकडा आपत्तीतल्या छावण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आहे, आणि त्यासोबत खड्ड्याचा तळ भूजलाच्या १.५ मीटर तरी वर असावा अशी अट आहे. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. पावसाळ्यात पातळी चढून खड्ड्याच्या तळाला लागली की अंतर ३० असो वा ४०, फार फरक पडत नाही.

जर्मनीत विहिरीभोवतीचा आतला संरक्षित पट्टा ठरवताना पाण्याला विहिरीपर्यंत यायला ५० दिवस लागतील अशी सीमा धरतात, कारण तेवढ्या काळात आतड्याचे बहुतेक जिवाणू मरतात. ढोबळ गणित घरी करता येतं : ५० दिवसांचा उपसा (घनमीटर) भागिले (३.१४ × सच्छिद्रता, म्हणजे थरातल्या पोकळीचा वाटा × पाणी देणाऱ्या थराची जाडी), आणि त्याचं वर्गमूळ. रोज १०० घनमीटर उपसा, १० मीटर जाड वाळूचा थर, सच्छिद्रता ०.२० : उत्तर २८ मीटर. सगळं तेच ठेवून सच्छिद्रता ०.०२ केली, जी भेगाळ खडकात सहज असते : ८९ मीटर. म्हणजे वाळूत पुरणारं अंतर खडकात तिपटीने अपुरं. शिवाय खरा पट्टा गोल नसतो, वरच्या अंगाला लांबट असतो. आणि मोठ्या भेगा किंवा चुनखडीतली बिळं असतील तर पाणी एका दिवसात शेकडो मीटर जातं. तिथे कुठलंच अंतर विश्वासाचं नाही, निर्जंतुकीकरण कायम लागतं.

परीक्षानळी

या मुद्द्यावर कॅनडातल्या वॉकर्टनचं उदाहरण कुणी विसरू नये. मे २०००. गावाची एक उथळ विहीर भेगाळ खडकातली, केसिंग जेमतेम ५ मीटर. जवळच्या शेतात शेणखत पसरलेलं, त्यावर जोराचा पाऊस. ई. कोलाय ओ१५७ हा घातक जिवाणू पाण्यात उतरला. क्लोरीनची मात्रा कमी पडत होती आणि उरलेला क्लोरीन सतत मोजणारं यंत्र त्या विहिरीवर नव्हतं. ७ जण गेले, सुमारे २,३०० आजारी पडले. चौकशीत निघालं की शेतकऱ्याने खत नियमांप्रमाणेच वापरलं होतं. चूक विहिरीची जागा आणि देखरेख यांत होती.

आता तपासणीचं. जिवाणूंसाठी नमुना घेताना नळ पुसून आच द्या, ५ ते १० मिनिटं पाणी वाहू द्या, निर्जंतुक बाटलीत वर थोडी हवा सोडा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पाण्यात क्लोरीन असेल तर प्रयोगशाळेकडून सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागा. नाहीतर क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. रासायनिक नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. जिवाणूंची मात्र कधीच विसळू नका.

नायट्रेटच्या अहवालात एक हमखास घोळ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून लिटरला ५० मि.ग्रॅ. आहे. काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट-नायट्रोजन’ लिहितात. त्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेट मिळतं. १२ आकडा बघून निर्धास्त झालात आणि तो नायट्रोजनचा निघाला तर खरा आकडा ५३. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. फ्लोराइड १.५ मि.ग्रॅ., आर्सेनिक ०.०१ मि.ग्रॅ. हे दोन्ही खडक-गाळातून येतात, त्यामुळे विहीर कितीही स्वच्छ ठेवली तरी नवीन बोअरला एकदा तपासायलाच हवेत. बोअर खोल नेल्यावर पुन्हा.

दर महिन्याच्या तपासणीला वाहकता-मीटर पुरतो (पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वाहकता जास्त). एकाच विहिरीचा आकडा वर्षभर एका पट्ट्यात फिरतो. तो अचानक उडाला किंवा पावसानंतर दोन दिवसांत धाडकन पडला तर बाहेरचं पाणी थेट शिरतंय असं समजा. मीटर १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने ताडून घ्या.

थेंबभर

ब्लीचिंग पावडर किती टाकायची, ते एकदाचं सांगून टाका. प्रत्येक जण मूठ-मूठ सांगतो.

परीक्षानळी

दोन वेगळी कामं आहेत. रोजच्या पिण्यासाठी १,००० लिटरला चांगल्या पावडरीचे २.५ ग्रॅम, त्यातून लिटरमागे ०.७ मि.ग्रॅ.च्या आसपास क्लोरीन पडतो. अर्ध्या तासाने ०.५ मि.ग्रॅ. उरला पाहिजे. गढूळ पाण्यात उरत नाही, म्हणून मात्रा पाठ करण्यापेक्षा उरलेला क्लोरीन मोजा.

दुरुस्तीनंतर किंवा पुरानंतर बोअर पूर्ण निर्जंतुक करायची असेल तर लिटरला ५० मि.ग्रॅ. १६५ मि.मी.च्या बोअरमध्ये मीटरला २१ लिटर पाणी असतं. ६० मीटर पाणी म्हणजे सुमारे १,२८० लिटर, त्याला ६४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर १९५ ग्रॅम. उघड्या पोत्यातली जुनी पावडर अर्धीही ताकद राखत नाही. पावडर बादलीत कालवून चुना बसू द्या, वरची निवळी तेवढीच घाला. चुना आत गेला तर कपारीत थर धरतो. १२ ते २४ तास थांबून वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात किंवा सेप्टिक टाकीत सोडायचं नाही.

मुरूमवाला

पुनर्भरणाला इतकं तुच्छ लेखू नका राव. छताचं पाणी बोअरमध्ये सोडलं की पातळी चढते, हे उघड आहे.

जुनाओढा

तुच्छ कुणी लेखत नाही. पण पिण्याच्या बोअरमध्ये थेट पाणी सोडणं हा मातीचा पडदा काढून टाकण्याचा प्रकार आहे. जमिनीतून झिरपताना जे गाळलं जातं ते सगळं टाळून पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ सरळ कपारीत. गाळ एकदा कपारीत बसला की काँप्रेसरनेही पूर्ण निघत नाही, आणि बोअरची आवक कायमची घटते. शेतातलं, रस्त्यावरचं पाणी तर अजिबातच नको.

खड्डा करायचा तर हिशोबाने करा. २५० चौ.मी. छत, २० मि.मी. पाऊस, ८० टक्के पाणी हाती : ४,००० लिटर. पहिले २ मि.मी., म्हणजे ५०० लिटर, बाहेर काढून द्या. उरले साडेतीन हजार. आता २ × २ × २ मीटरचा खड्डा ८,००० लिटरचा वाटतो, पण दगडगोटे भरल्यावर पोकळी ३५ ते ४० टक्केच, म्हणजे जेमतेम ३,००० लिटर. उरलेलं किती वेळात मुरतं ते खड्डा भरून, दर दहा मिनिटांनी पातळी मोजून बघा. चिकणमातीत मुरतच नाही, आणि तो डासांचा हौद होतो. वरचा वाळूचा थर दर वर्षी खरवडून धुवायचा.

ओढा खोल करण्याबद्दलही तेच. गाळ काढणं ठीक. पण तळ शेजारच्या विहिरींच्या पातळीखाली गेला तर ओढा पाणी मुरवत नाही, विहिरींचं पाणी ओढून वाहून नेतो. म्हणजे नाली खणली, पुनर्भरण नाही. आधी विहिरींची पातळी, मग ओढ्याच्या तळाची उंची, मग जेसीबी.

मुरूमवाला

पिण्याची बोअर सोडून वेगळा खड्डा, हे पटलं. बाकी छताचं पाणी वाया जाण्यापेक्षा मुरलेलं बरं, यावर ठाम.

आडवीकपार

ते बरोबरच. फक्त मुरलेलं पाणी ‘आपलं’ राहत नाही, खालच्या अंगाच्या बोअरला जातं. म्हणून उपशाच्या नियमांशिवाय पुनर्भरण म्हणजे शेजाऱ्याच्या पंपाला मदत.

किती पाणी आहे याचा ढोबळ अंदाज : क्षेत्रफळ × पावसाळ्यात चढलेली पातळी × विशिष्ट उत्पन्न (थरातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा). ५०० हेक्टर, ४ मीटर चढ, झिजलेल्या बेसाल्टला ०.०२ : ४ लाख घनमीटर. हाच चढ वाळूच्या थरात असता (०.१६) तर आठपट. म्हणजे खडकातल्या विहिरी भराभर भरतात त्या पाणी फार म्हणून नव्हे, जागा कमी म्हणून. आणि तशाच भराभर रिकाम्या होतात. हे ०.०२ खरं ०.०१ असेल तर सगळा हिशोब निम्म्यावर, शिवाय त्यातलं काही ओढ्यांना जायलाच हवं. तेव्हा हा आकडा लिटरपर्यंत वाटून घेण्यासाठी वापरू नका.

वाटणीला पातळीचे टप्पे जास्त टिकतात. उदा. पिण्याच्या बोअरचा पंप ४५ मीटरवर. चालू असताना पातळी ९ मीटर खाली बसते, पंपावर ३ मीटर पाणी हवं. म्हणजे स्थिर (पंप बंद असतानाची) पातळी ३३ मीटरखाली गेली की पंप हवा ओढणार. मग २७ मीटरला सिंचनाचे पंप निम्मे तास आणि ३० ला बंद, असं पावसाळा संपतानाच लिहून सह्या घ्यायच्या. टंचाईत ठरवायला बसलं की ठरत नाही. एक लक्षात ठेवा, वरच्या कपारी कोरड्या पडल्या की ते ९ मीटरचे १२-१३ होतात, म्हणून टप्पे दर वर्षी तपासा.

खडकवेडी

किनाऱ्यालगत टप्पे याहून कडक लागतात. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, समुद्रसपाटीवर १ मीटर गोड्या पाण्याला खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. उपशाने पातळी १० सेंमी उतरली तर खाली खारं पाणी हळूहळू ४ मीटर वर येतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचा १९६५ चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमधल्या नेमक्या याच भांडणावर होता : समुद्र आत येतोय आणि प्रत्येक जण उपसतोय. तिथेही उपसणाऱ्यांनी आधी मोजणीच्या आकड्यांवर एकमत केलं, वाटे नंतर कमी केले.

थेंबभर

शेवटचं विचारतो. कोरड्या पडलेल्या जुन्या बोअर कचरा टाकून बुजवल्या तर चालेल?

सिमेंटगोणी

अजिबात नाही. ती बोअर खालच्या थराशी जोडलेली नळी आहे, कोरडी दिसली तरी. पंप, पाइप, दोर सगळं काढा. खोली मोजा. आत अडकलेलं काही राहिलं तर खाली पोकळी राहते आणि वर्षभराने वरचं खचतं. पाणी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे क्लोरीन. कपारींच्या भागात धुतलेली खडी, तिच्यावर बेंटोनाइटच्या गोळ्यांचा मीटरभर थर. त्या पाण्यात फुगतात, बोअर कोरडी असेल तर वरून थोडं पाणी घाला. तिथून वर सिमेंटची राळ, पाइपाने, खालून वर. केसिंग जमिनीखाली अर्धा मीटर कापून वर काँक्रीट. दर दोन-तीन मीटरला किती माल गेला ते लिहा. हिशोबापेक्षा कमी गेला तर मध्येच अडकलाय, तिथेच थांबून गजाने मोकळा करा.

आणि हे होईपर्यंत तोंडावर लोखंडी टोपण वेल्डिंग करून. गोणपाट आणि वर दगड याला टोपण म्हणत नाहीत, त्यात मूल पडतं.